तापाची चिठ्ठी, लिमरिकचा शिक्का

लेकीच्या शाळेत दर सप्टेंबरात एक जाडजूड वही मिळायची. तिला जर्नल म्हणत. गृहपाठ त्यात, वेळापत्रक त्यात, शिक्षकांच्या तक्रारी त्यात आणि अगदी शेवटी फाडून द्यायच्या चिठ्ठ्या: अमुक तारखेला मुलगी गैरहजर होती, कारण अमुक, पालकाची सही. पहिल्या पानावर नमुन्याच्या सह्यांसाठी दोन ओळी असत. चिठ्ठीवरची सही आईबापांची की पोरांनी ठोकलेली, हे ऑफिसला ताडून बघता यावं म्हणून. पहिल्या ओळीवर माझा नवरा सही करायचा आणि दुसऱ्या ओळीवर आडवी रेघ मारायचा. इंजिनिअर माणूस. रेघ अशी सरळ, की पट्टी धरून मारली असावी.

आमचं लग्न तसं बरोबरीचं. मी त्याला नावाने हाक मारते, अरे-तुरे करते, भाजीत मीठ कमी पडलं तर बरणी त्याच्याकडे सरकवते. पण घरात कागद आला की सही त्याची. पुण्याच्या शाळांत प्रगतिपुस्तकावर पालकाच्या सहीला एकच जागा असते आणि तिथे बाप सही करतो, ही समजूत आम्ही दोघांनीही सामानाबरोबर बांधून आणली होती. त्यातून आयर्लंडला आलो ते त्याच्या नोकरीवर. माझ्या व्हिसावर मी कुणाची कोण, एवढंच लिहिलेलं. त्यामुळे दुसऱ्या ओळीवरच्या रेघेचं मला काही वाटलं नाही. खरं सांगायचं तर ती माझ्या नजरेतच आली नाही.

आम्ही राहायचो डब्लिनच्या कडेला, ल्यूकनमध्ये, एकसारख्या घरांच्या वसाहतीत. नवरा तिथून जवळच संगणकाच्या चिपच्या कारखान्यात. मुलगी नऊ वर्षांची असताना आम्ही आलो, आणि पहिल्याच महिन्यात कळलं की तिला शाळेत आयरिश भाषा शिकावी लागणार. अकराच्या पुढची मुलं बाहेरून आली तर त्यांना त्यातून सूट मिळे. नवऱ्याने मुख्याध्यापिकेला दोनदा भेटून बघितलं. त्या म्हणाल्या, दोन वर्षांनी आला असतात तर जमलं असतं. महिनाभर हा येता-जाता हळहळत होता, की जी भाषा इथलेच लोक रस्त्यात बोलत नाहीत, ती आमच्या पोरीच्या डोक्यावर कशाला.

पोरीने ती भाषा उचलली. मराठी तिला सगळी कळे, पण उत्तर इंग्रजीत, तेही अस्सल इथल्या हेलात. आयरिश मात्र ती स्वतःशी बोलायची, आंघोळ करताना, केस विंचरताना. दहावीनंतर इथे एक मोकळं वर्ष असतं, त्यात मुलांना कुठेतरी काम करून बघायला पाठवतात. ती दोन आठवडे जवळच्या प्राथमिक शाळेत गेली आणि परत आली ती ठरवूनच, की मला लहान मुलांची शिक्षिका व्हायचंय. त्यासाठी आयरिश उत्तम लागतं, आणि तिचं होतं. तिला हवं होतं ते कॉलेज लिमरिकला होतं, गाडीने दोन-अडीच तासांवर.

नवऱ्याने ते ऐकून घेतलं आणि सर्दीसारखं जाईल म्हणून सोडून दिलं. दोन हजार नऊ साल होतं, मंदीचे दिवस. त्याच्या कारखान्यातून माणसं कमी होत होती. डब्याच्या वेळी त्याच्या समोर बसणारा माणूस एका सोमवारी आलाच नाही. अशा वेळी बापाला पोरीच्या हाती पक्कं काहीतरी असावं असं वाटलं, तर त्यात त्याचं काय चुकलं? त्याने संगणकावर तक्ता केला. डाव्या बाजूला कॉलेजं, वर रकाने. इंजिनिअरिंग आणि फार्मसी, दोन्ही डब्लिनमधलीच, दोन्ही घरातून जाऊन-येऊन करण्यासारखी. लिमरिक तक्त्यात नव्हतंच.

लेक तेव्हा शेवटच्या वर्षाला होती, म्हणजे आपल्याकडची बारावी. त्या वर्षी हिवाळ्यात कॉलेजं एकेक दिवस दारं उघडी ठेवतात आणि मुलांना बोलावतात: या, बघा, विचारा. शाळा त्यासाठी रीतसर सुट्टी देते, हे मला पहिल्यांदा ऐकलं तेव्हा खरंच वाटेना. आमच्या वेळी कॉलेज बघायचं म्हणजे प्रवेशाच्या रांगेत उभं राहिल्यावर जेवढं दिसेल तेवढं. इथे शाळेचा नियम असा की दोन दिवस मिळतील. आधी जर्नलमधून चिठ्ठी द्यायची आणि त्या कॉलेजचा शिक्का मारलेला कागद दुसऱ्या दिवशी आणून दाखवायचा. बापाने दोन कॉलेजं सांगितली, पोर दोन्हीकडे निमूट जाऊन आली. दोन्हीकडून एकेक कापडी पिशवी मिळाली. त्यांतून मी पुढे कित्येक वर्षं भाजी आणली.

मग एका संध्याकाळी, मी मटार सोलत असताना, ती माझ्या समोर येऊन बसली आणि न विचारता मटार सोलायला लागली. यावरूनच मी ओळखलं की काहीतरी आहे. पुढच्या बुधवारी लिमरिकच्या कॉलेजचा दिवस होता. तिच्या वाट्याचे दोन्ही दिवस संपले होते.

"बाबांना सांगूया का?" मी विचारलं.

"नो, लीव्ह इट. इट्स ग्रँड," ती म्हणाली.

ग्रँड म्हणजे इथल्या बोलीत ठीक आहे, चालेल; तिचं हे ग्रँड मी चांगलं ओळखून होते. तिचा एक दाणा खाली पडला होता, तो शोधायला ती टेबलाखाली वाकली आणि बराच वेळ वर आली नाही. वर आली तेव्हा डोळे पुसलेले होते. ती हट्ट करणारी मुलगी असती तर मी कदाचित रागावले असते. पण ती मागतच नव्हती, आणि न मागणाऱ्या मुलांचं मला फार लागतं. नियम असे वाकवायचे नसतात, हे मला कळत होतं. तरी मी म्हटलं, "बुधवारी जायचं आपण. तू आणि मी."

आता माझ्याविषयी एक गोष्ट सांगायला हवी. लग्नाआधी दोन वर्षं मी पुण्यात एका शाळेच्या ऑफिसात कारकून होते आणि रजेचे अर्ज माझ्याकडे येत. खरं कारण लिहिलेला अर्ज मी त्या दोन वर्षांत पाहिला नाही. सगळ्यांना ताप. एका मुलीच्या मावशीचं एकाच वर्षात पाच वेळा लग्न झालं. आमचे हेडमास्तर खऱ्या कारणाला रजा देत नसत, मग लोक खोटी कारणं देत आणि आम्ही ती बिनबोभाट फाइलला लावत असू. त्यामुळे शाळेला खरं सांगायचं असतं, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. बुधवारी पोर आजारी होती असं कळवायचं, हे मी ठरवून टाकलं.

पण खरं कारण तेवढंच होतं असं म्हणाले, तर ती आणखी एक तापाची चिठ्ठी होईल. शाळेला खरं कळलं असतं तर घरीही कळलं असतं. मला शाळेची भीती नव्हती. घरातल्या वादाची होती.

बुधवारी नवरा साडेसहाला बाहेर पडला. सात वाजता आम्ही दोघी ॲडम्सटाउनच्या स्टेशनवर. तिथून डब्लिन आणि डब्लिनहून लिमरिकची गाडी. मी तिखटमिठाच्या पुऱ्या आणि लोणचं घेतलं होतं. गाडीने कुरणं ओलांडायला सुरुवात केली तेव्हा पोरीने तिसरी पुरी संपवली होती. एरवी डब्यातून पुऱ्या दिल्या तर नाक मुरडणारी. बाहेर धुक्यात गाई उभ्या होत्या, आणि मला चोरून आल्यासारखं वाटत असूनही मजा येत होती. किती वर्षांनी आम्ही दोघीच कुठे निघालो होतो.

कॉलेजात दाराशीच एक टेबल होतं आणि तिथे शिक्का मारत होते. पोर म्हणाली, आपल्याला कशाला, आपण तर आजारी आहोत. पण शिक्का फुकट मिळत असताना न घेता पुढे जाणं माझ्या रक्तात नाही. मी कागद पुढे केला, शिक्का मारून घेतला आणि पर्समध्ये चेनच्या कप्प्यात ठेवला.

दुपारी एका मोठ्या वर्गात नमुन्याचा तास होता. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, समोर बसलेल्या सगळ्यांनी आता सात वर्षांची मुलं व्हायचं, आणि शिकवायला कोण येतंय? कुणी हात वर करेना. मग माझ्या शेजारून माझी मुलगी उठली आणि पुढे गेली.

तिने आकडे शिकवले, आयरिशमधून. ती काय बोलत होती त्यातला एकही शब्द मला कळत नव्हता. पण तिचा हात मला कळला. ती पेरांवर मोजत होती. अंगठा करंगळीच्या खालच्या पेरापासून वर, मग पुढचं बोट, असं एकेक करत. तिला अंक शिकवताना मी तसं शिकवलं होतं, मला माझ्या वडिलांनी. इथली मुलं बोटं मोजतात, एका हातावर पाच. हिच्या एका हातावर बारा झाले. समोरची सगळी थोराड मुलं आपापली पेरं चाचपत तिच्या मागे आकडे म्हणायला लागली. एकाचा अंगठा चुकला तर तिने जाऊन त्याचा हात धरून नीट केला. तो बहुधा तिच्याहून फूटभर उंच होता.

माझ्या पलीकडे एक बाई बसल्या होत्या, गावाकडच्या असाव्यात, बुटांना चिखल होता. त्या वाकून म्हणाल्या, "ती तुमची का? एवढं चांगलं आयरिश कुठून आलं तिला?"

"इथूनच," मी म्हटलं.

मला एवढा आनंद झाला होता की आणखी काही बोलले असते तर रडूच आलं असतं. घरात ही मुलगी मोजून बोलते. बाबांचं ऐकते, माझं ऐकते, मान हलवते. ही पुढे उभी असलेली, हसणारी, धिप्पाड पोराला दटावणारी मुलगी मी त्या दिवसापर्यंत बघितलीच नव्हती. इथे तिला यायला मिळालं नाही तर ती रडणार-बिडणार नाही. ग्रँड म्हणेल आणि फार्मसीला जाईल. त्याचीच मला धास्ती वाटली.

गुरुवारी सकाळी मी चिठ्ठी लिहायला बसले. आजवर जर्नलमधल्या चिठ्ठ्या नवराच लिहायचा. ही मी लिहिली: तीव्र ताप आणि उलट्या. नुसत्या तापाने ऑफिसचं समाधान होत नाही, हा माझा जुना अनुभव, म्हणून उलट्या वाढवल्या. खाली सही केली.

"कान्ट वी जस्ट टेल देम, आई?" पोर म्हणाली.

"खरं सांगून कुणी सुट्टी देतं का?" मी म्हटलं. तिने जर्नलमधून चिठ्ठी फाडून दप्तरात घातली. तिचा चेहरा मला दिसत होता, तरी मी बघितलं नाही.

शुक्रवारी संध्याकाळी नवरा घरी आला तो बूट न काढताच स्वयंपाकघरात आला. कारखान्यात आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्यामुळे शाळेने दुपारी केलेला फोन त्याने सुटल्यावर ऐकला होता. निरोप असा, की गुरुवारी दिलेल्या चिठ्ठीवरची सही नमुन्याशी जुळत नाही. मुलांनी स्वतःच सही केली, तर शाळेला ते फार गंभीर वाटतं. कृपया सोमवारी संपर्क साधावा.

मी वरणाला फोडणी घालत होते. पोर टेबलावर अभ्यास करत होती.

"बुधवारी तू शाळेत नव्हतीस?" त्याने तिला विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं.

"नो," ती म्हणाली.

"आणि ही सही?"

"आय साइन्ड इट, बाबा."

मी पाठमोरी होते. मी लगेच वळायला हवं होतं. वळले नाही. फोडणी करपेपर्यंत उभी राहिले. दहा सेकंद असतील, फार तर पंधरा. त्या सेकंदांची मला अजून लाज वाटते. सतरा वर्षांची पोर माझ्यासाठी स्वतःवर घेत होती आणि मी हिंगाचा डबा प्रेसमध्ये ठेवत होते. प्रेस म्हणजे इथलं कपाट. त्याचं दार बंद केलं तेव्हा कुठे तोंड उघडलं.

"तिने नाही. मी केली सही. मी तिला लिमरिकला घेऊन गेले होते."

मग जे व्हायचं ते झालं. तो फारसं ओरडला नाही. त्याला लिमरिकचं एवढं लागलंच नव्हतं. "शाळा मला विचारते तुमची मुलगी कुठे होती, आणि मला माहीत नाही," हे तो तीनदा म्हणाला. मग म्हणाला, "मला सांगितलं असतंत तर मी नाही म्हटलं असतं का?"

"म्हटलं असतंस," मी म्हटलं.

"तुला मला सांगायला एवढं अवघड जातं?"

"जातं."

तो जेवला नाही. वरण तसंही करपलं होतं.

सोमवारी मी शाळेत गेले, एकटी. सहा वर्षांत त्या इमारतीत मी नवऱ्याशिवाय पाऊल टाकलं नव्हतं. रविवारी बसून मी इंग्रजीत अर्ज लिहिला होता, दोन पानी, आमच्या ऑफिसात येत तसा. आदरणीय महोदया, सविनय निवेदन, आपली कृपाभिलाषी, सगळं. पोरीने तो वाचला. नुसता माझ्या खांद्यावर हात ठेवला.

शेवटच्या वर्षाच्या वर्गांच्या प्रमुख बाई पन्नाशीच्या होत्या, गळ्यात चष्मा दोरीला बांधलेला. त्यांनी अर्ज पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मी सांगून टाकलं: मुलीला ताप नव्हता, मी खोटं लिहिलं, सही माझी आहे, तिचा काही दोष नाही. आणि पर्सच्या चेनच्या कप्प्यातून लिमरिकचा शिक्का काढून टेबलावर ठेवला.

बाईंनी शिक्का बघितला, मग माझ्याकडे बघितलं. "म्हणजे खोटी चिठ्ठीही तुम्हीच लिहिलीत आणि खऱ्याचा पुरावाही तुम्हीच आणलात?"

मी हो म्हटलं. त्यांना हसू आवरेना. मग त्यांनी सांगितलं ते ऐकून मला माझ्या हुशारीचीच कीव आली. दोन दिवसांचा नियम होता तो दिवसभर भटकायला जाणाऱ्या मुलांसाठी. तिसरा दिवस हवा असेल तर पालकाने खरं कारण लिहून द्यायचं, एवढंच. एक ओळ पुरली असती. "तुम्ही तिची आई आहात. तुम्ही सांगितलंत की आम्हाला पुरे," त्या म्हणाल्या.

"मग फोन का केलात?"

त्यांनी फाइल उघडून माझ्याकडे फिरवली. पहिल्या वर्षीचा प्रवेशाचा कागद होता. पहिल्या ओळीवर नवऱ्याची सही. दुसऱ्या ओळीवर आडवी रेघ. "आमच्या कागदांवर या मुलीला सही करणारी आईच नाही," त्या म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. त्यांनी फक्त कागदावर होतं ते सांगितलं. मी मात्र त्या रेघेकडे बघतच राहिले. रेघ त्याने मारली होती हे खरं. पण सहा वर्षं सहा जर्नलांत ती तशीच राहू दिली ती मी. मी एकदाही म्हटलं नाही, की थांब, इथे माझी सही येते.

बाईंनी पेन दिलं. जागा दुसरी नव्हती, म्हणून मी रेघेवरूनच सही केली. मग त्यांनी कोरी चिठ्ठी पुढे केली आणि कारणाच्या जागी बोट ठेवलं. मी लिहिलं: लिमरिकचं कॉलेज बघायला गेली होती, मी बरोबर होते. माझ्या आयुष्यात मी लिहिलेली ती पहिली खरी रजाचिठ्ठी. बाई म्हणाल्या, "देअर यू आर नाऊ, ग्रँड," आणि दोन पानी अर्ज त्यांनी परत दिला नाही. बहुधा स्टाफरूममध्ये वाचून दाखवला असेल.

घरात चार दिवस कामापुरतं बोलणं होतं. मी लिमरिकचं माहितीपुस्तक टीव्हीच्या रिमोटखाली ठेवत होते. तो ते उचलून बाजूला ठेवत होता आणि रिमोट घेत होता. चौथ्या दिवशी त्याने रिमोट आधी बाजूला ठेवला. 

रविवारी आम्ही दोघं गाडीतून भाजीला चाललो होतो. ल्यूकन गावातल्या सिग्नलला थांबलो असताना त्याने समोर बघतच विचारलं, "कशी होती ती तिथे?"

मी त्याला सांगितलं. ती आपणहून उठली ते, पोराला दटावलं ते, चिखलाच्या बुटांच्या बाई काय म्हणाल्या ते. "आणि पेरांवर मोजत होती," मी म्हटलं. "आयरिश आकडे, पण आपल्या पेरांवर. सगळ्या वर्गाला तसं मोजायला लावलं तिने."

 दिवा हिरवा झाला, मागच्याने हॉर्न दिला नाही, इथे लोक देत नाहीत. नवऱ्याचा अंगठा स्टिअरिंगवर करंगळीच्या पेरांवरून सरकत होता. एक, दोन, तीन. मग त्याने गाडी पुढे काढली.

"ती रेघ मी वेळ वाचावा म्हणून मारायचो," तो थोड्या वेळाने म्हणाला. मी त्याला शाळेतलं सगळं सांगितलं होतं, त्यावर तो आता बोलत होता. "एकाच सहीत काम भागतं, म्हणून."

"माहीत आहे," मी म्हटलं.

त्या रात्री तक्त्यात लिमरिकची ओळ आली. कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायच्या अर्जात ती वर चढायला जानेवारी उजाडला. बापलेकीत बऱ्याच वाटाघाटी झाल्या. शेवटी लिमरिक पहिलं, आणि खाली त्याच्या समाधानासाठी फार्मसी. फेब्रुवारीत एका शनिवारी तो म्हणाला, चला, एकदा बघून तर येऊ, आणि आम्हाला गाडीने लिमरिकला घेऊन गेला. कॉलेज बंद होतं. तो फाटकातून इमारतीकडे बघत राहिला. मग नदीकाठी बसून आम्ही पुऱ्या खाल्ल्या, आणि त्याने पोरीला आयरिशमध्ये वीसपर्यंत म्हणायला लावलं. स्वतः म्हणताना अकराला अडकला.

ऑगस्टात निकाल लागला आणि तिला लिमरिक मिळालं. मी साखर वाटली. शेजारच्या आयरिश बाईंना वाटलं, चहाला आणली.

तिला तिथे वसतिगृहात राहायचं होतं. अठरा पूर्ण व्हायला दोन महिने बाकी, म्हणून फॉर्मवर पालकांच्या सह्या हव्या होत्या. नवऱ्याने फॉर्म दोनदा वाचला, त्याच्या सवयीप्रमाणे. शेवटच्या पानावर दोन ओळी होत्या. त्याने पेनाचं टोपण काढलं, पेन सवयीने पहिल्या ओळीकडे गेलं आणि थांबलं. मग ते खाली आलं. त्याने दुसऱ्या ओळीवर सही केली, कागद माझ्याकडे सरकवला आणि चहाचं पाणी ठेवायला उठून गेला.

पहिली ओळ कोरी होती. मी तिथे सही केली, सावकाश, पूर्ण नावाची.

लेक माझ्या खांद्यावरून बघत होती. नऊ वर्षांची आली तेव्हापासून मराठीला इंग्रजीत उत्तर देणारी ती मुलगी. तिने कागद उचलला, दोन्ही सह्या नीट बघितल्या आणि म्हणाली, "आता कुणी फोन नाही करणार, आई."